मैदान राहिलं, भूमय्या

भूमय्या, तुम्ही गेल्यावर मी पहिल्यांदा मैदानावर गेलो तो काल संध्याकाळी. तुमच्या तालमीतल्या पोरांनी आखाड्यातली माती कुदळून ठेवली होती, आमच्या क्लबातले दोघे काथ्याची चटई अंथरून सराव करत होते. कुणी कुणाच्या वाटेत येत नव्हतं. चेंडू आखाड्यात गेला तेव्हा आमच्या माणसानं न सांगता पायातले बूट काढले, आत गेला आणि चेंडू घेऊन आला. तुमच्या एका पैलवानानं तो आधीच उचलून धरला होता. मला ते बघवेना. मी टोपी सारखी केली आणि परत फिरलो.

तालमीच्या लोकांनी शोकसभा ठरवली आहे. मला बोलायला सांगितलं आहे. तिथं तुमच्या गाजलेल्या कुस्त्या, मिळालेले फेटे आणि चांदीची कडी यांच्याबद्दल पुष्कळ बोलणारे येतील. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि ते सभेत जमणार नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आपली गाठ पडली ती इनामदारांच्या सोप्यावर. शाळेच्या पलीकडचं ते बाभळी माजलेलं माळरान आमच्या क्रिकेट क्लबाला हवं होतं. मी चिटणीस म्हणून छान इंग्रजीत अर्ज लिहून नेला होता, आणि इनामदारांना इंग्रजी येत नव्हतं. तुम्ही अर्जबिर्ज काही आणला नव्हता. धोतर, बंडी, डोक्याला रुमाल, आणि मागं तुमच्या तालमीतले चार दांडगे विणकर. तुम्हालाही तेच रान हवं होतं. इनामदारांनी माझा अर्ज उलटा-सुलटा करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "एकाला दिलं तर दुसरा गावभर माझं नाव घेऊन फिरेल. दोघं मिळून घ्या. वर्षाचा खंड निम्मा-निम्मा भरा. एकाचा चुकला तर करार दोघांचाही मोडला. मग मी जागा जिनवाल्याला देतो, त्याला कापूस टाकायला हवीच आहे."

ज्यांच्याशी एकत्र नांदायचं त्यांच्याकडं मी नुसता बघत होतो. तुम्हीच म्हणालात, "मास्तर, तुमी इंग्रजी खेळ खेळा, आमी मातीत खेळतो. रान लई मोठं हाय की."

रान मोठं नव्हतं. ते आपल्याला बाभळी तोडल्यावर कळलं. आम्हाला कडक, सपाट जमीन हवी, तुम्हाला भुसभुशीत तांबडी माती. आम्ही रूळ फिरवायचा, तुम्ही कुदळ मारायची. आम्ही पाणी मारून जमीन बसवायची, तर त्याच पाण्याची तुम्हाला आखाड्यासाठी गरज, आणि उन्हाळ्यात सोलापुरात पाणी म्हणजे काय ते मी कुणाला सांगावं. शेवटी पूर्वेचा कोपरा तुमचा ठरला. वार वाटून घेतले. शनिवार कुणाचा हे काही मिटलं नाही, ते अखेरपर्यंत मिटलं नाही.

आणि तुमचा तो जोड्यांचा नियम. आखाड्यात जोडे घालून कुणी यायचं नाही. आमचा क्षेत्ररक्षक बुटाच्या नाड्या सोडत बसायचा आणि तिकडं फलंदाज धावा काढत सुटायचा. पुण्याहून आलेल्या पाहुण्या संघाला हे काही केल्या उमजेना. त्यांचा कप्तान माझ्यापाशी आला तेव्हा मी तुमच्याकडं बोट दाखवलं. तुम्ही हात जोडून त्याला म्हणालात, "देवळात जाताना काढता न्हव? तसंच." त्यानं मुकाट्यानं आपल्या माणसांना सांगितलं. मला तुमचा राग आला होता आणि तुमचं कौतुकही वाटलं होतं. त्यातलं रागाचं तेवढं तुमच्यापर्यंत पोचलं.

पुढं प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधायच्या ठरल्या आणि आपलं खरं भांडण सुरू झालं. क्लबानं चुना आणला, गवंडी लावला. तुमच्या लोकांनी खाणीतून दगड वाहिले. माग बंद झाले, गिरणीची पाळी सुटली की ही माणसं यायची आणि अंधार पडेपर्यंत खांद्यावर दगड आणायची. तुमच्या घरच्या नरसम्मावहिनी आणि वाड्यातल्या दोघी-तिघी घागरभर आंबील घेऊन येत. पायऱ्या उभ्या राहिल्यावर खर्चाची वाटणी करायला आपण बसलो. आमच्या क्लबाचे अध्यक्ष दाजीसाहेब वकील म्हणाले की निम्मा खर्च तालमीकडून यायचा आहे.

"आमचा आला की," तुम्ही म्हणालात.

"काय आलं?"

"दगड आला. तो काय पायानं चालत आला व्हय?"

दाजीसाहेब म्हणाले, "मेहनतीची पावती नसते, भूमय्या."

तुम्ही बंडी खांद्यावरून खाली ओढली. दगडानं सोलवटलेला तो खांदा पाहून दाजीसाहेबांनी विषय सोडला, पण मनातून सोडला नाही. आणि आपण दोघांनी तर मुळीच सोडला नाही. घामाची किंमत पैशात धरायची तर कुणी आणि कशी, यावर आपण किती संध्याकाळी घालवल्या. मी म्हणायचो, मैदान चालवायला शेवटी रोकड लागते, इनामदार घाम घेत नाहीत. तुम्ही म्हणायचात, "मग रोकड देणाऱ्याला तेवढं मैदान, आणि घाम देणाऱ्याला काय, कुंपणाबाहेर उभं राहायचं?" मला उत्तर यायचं नाही आणि तुमचं म्हणणं पटायचंही नाही. आजही ते तसंच आहे. फक्त आता मला समोरून कुणी विचारणार नाही.

मग ती मंदी आली. व्यापाऱ्यांकडं लुगडी पडून राहिली, सुताची उचल बंद झाली. तुमच्या वस्तीतून जाताना मागांचा आवाज ऐकू येत नाही म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गिरण्यांनी पाळ्या कमी केल्या. तालमीतले कितीतरी जण तेलंगणात आपल्या गावी परतले. वर्गणी येईना. आणि खंडाचा दिवस जवळ आला.

आमच्या क्लबाच्या सभेत दाजीसाहेबांनी सूचना मांडली की तालमीचा हिस्सा चुकणारच आहे, तर इनामदारांना आधीच भेटून करार आपल्या एकट्याच्या नावे करून घ्यावा. मी उठून विरोध केला. पायऱ्यांची आठवण दिली. पुष्कळ वाद झाला आणि शेवटी एवढंच ठरलं की खंडाच्या दिवसापर्यंत वाट बघायची.

मी तसाच तुमच्या घरी आलो. वहिनी चरख्यावर उरल्यासुरल्या सुताच्या कांड्या भरत होत्या. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसते बसला होता, मागावर सूत नव्हतं. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणालो, "या वर्षी तुमचा हिस्सा क्लब भरेल. मी आमच्या लोकांचं मन वळवतो. पुढच्या वर्षी बघू."

तुम्ही म्हणालात, "पुढल्या वर्षी काय बगायचं? पुढल्या वर्षी आमी तुमचं कूळ झालो की."

"कूळ कसलं? मित्र म्हणून देतो आहे."

"तुमी मित्र हाय. दाजीसाहेब हाय का?"

तुम्ही खड्ड्यातून पाय वर घेतलेत आणि म्हणालात, "तिकीट लावून कुस्त्यांचं मैदान भरवतो. मी उतरतो."

तुम्ही कुस्ती सोडून कैक वर्षं झाली होती. गुडघा गेला म्हणूनच सोडली होती. केम गावाकडच्या ज्या दत्तूचं नाव तुम्ही घेतलंत तो विशीतला, त्या साली सगळ्या जिल्ह्यात त्याचा बोलबाला होता. मी म्हणालो, "तुमचं वय बघा."

"वय आखाड्यात कुणी इचारत न्हाय."

"आणि गुडघा?"

"तो इचारतो," तुम्ही म्हणालात आणि हसलात. वहिनींनी कांडी भरायची थांबवली होती. त्यांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं, तुम्ही तेलुगूतच उत्तर दिलंत. मला कळलं नाही. त्या पुन्हा चरख्याकडं वळल्या.

त्या दिवशी माणूस मावत नव्हता. केमहून गाडी भरून लोक आले होते, आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या आल्या होत्या. आपण ज्यांच्यावरून भांडलो त्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. आमच्या क्लबातली मंडळी फाटकावर तिकिटं फाडत होती, त्यात मीही होतो. दाजीसाहेबांनी रांगेत उभं राहून तिकीट काढलं आणि वरच्या पायरीवर जाऊन बसले. आमचा डॉक्टर, जो एरवी आमच्यासाठी चेंडू टाकायचा, तो त्याची पेटी घेऊन आखाड्याच्या कडेला बसला होता. मीच त्याला बसवला होता.

हलगी वाजत होती. तुम्ही लंगोट कसून मातीला हात लावलात तेव्हा सगळ्या पायऱ्या उभ्या राहिल्या. मी तुम्हाला कधी कुस्ती करताना पाहिलं नव्हतं. त्या दत्तूची ताकद मला लांबूनही दिसत होती, तरी तुम्ही त्याला थकवलंत. तो पायात घुसून पट काढायला यायचा आणि तुम्ही तिथं नसायचात. लोकांना वाटू लागलं की बरोबरीत सुटेल. मलाही वाटलं. मग एकदा तुम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडल्यासारखे बराच वेळ अडकून राहिलात, डोक्याला डोकं लावून. आणि एकाएकी त्यानं तुम्हाला उचललं. गुडघा दगा देताना मी पाहिला, असं मला वाटलं. तुम्ही खांद्यावर पडलात. तो आवाज फाटकापर्यंत आला.

दत्तू उठला आणि तुमच्या पायावर डोकं ठेवून रडू लागला. तुम्ही डाव्या हातानं त्याला उठवलंत, त्याचा हात वर धरून सगळ्या मैदानाला दाखवलात आणि चालत पायऱ्यांमागं आलात. तिथं कुणी बघत नाही हे पाहून भिंतीला टेकून खाली बसलात. डॉक्टरनं हात लावला तेव्हा तुमचा चेहरा राखेसारखा झाला. खांदा मोडला होता, त्या बाजूच्या बरगड्याही.

"मैदान भरलं का?" तुम्ही मला विचारलंत.

"भरलं."

"खंड?"

"दोघांचाही निघेल, वर उरेल."

"आमचा तेवढा घ्या. तुमचा तुमी भरा."

भूमय्या, त्या अवस्थेत हे बोलायला तुम्हालाच जमलं. मैदान राहिलं. जिनवाल्याचा कापूस तिथं आला नाही. दाजीसाहेबांनी ती सूचना पुन्हा कधी मांडली नाही. पण तुमचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही तो नाहीच. मागाचा धोटा मारता येईना. मागाच्या खड्ड्यात तुमच्या जागी वहिनी बसू लागल्या आणि तुम्ही मैदानावर निंबाखाली येऊन बसू लागलात.

यावरून मी तुमच्याशी जेवढा भांडलो तेवढा कशावरूनच नाही. मी म्हणत असे, एका वर्षाचा हिस्सा आमच्याकडून घेतला असता तर काय बिघडलं असतं? हात तरी राहिला असता. तुम्ही एकच म्हणायचात, "हात माझा हुता, मास्तर. मैदान सगळ्यांचं हाय." त्यावर मी चिडून उठून जायचो. मला अजूनही वाटतं की तुमचं चुकलं. आणि कधी मैदानाच्या सामाईक कार्यकारिणीत बसलो असताना, तालमीचा हिस्सा आमच्या बरोबरीनं टेबलावर येतो आणि तुमचा माणूस आमच्यासारखाच खुर्ची ओढून बसतो, तेव्हा वाटतं की नाही, तुमचंच बरोबर होतं. माझं मत रोज बदलतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

निंबाखाली बसून बसून तुम्ही क्रिकेट शिकलात. आधी हसत होता, मग विचारू लागलात, मग चुका काढू लागलात. एकदा आमचा पंच आजारी पडला आणि तुम्हाला उभं केलं. पहिल्याच दिवशी तुम्ही दाजीसाहेबांना पायचीत दिलंत. ते तुमच्याकडं बघत उभेच राहिले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "दाजीसाहेब, पाय आडवा आला. चला." ते चालते झाले. संध्याकाळी मला म्हणाले, "माणूस खरा आहे, पंच वाईट आहे." पण त्यानंतर पंच म्हणून त्यांनीच दर वेळी तुमचं नाव सुचवलं.

आणि एक सांगायचं राहिलं आहे. माझी पत्नी गेली तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हतो. शाळेत शिकवायचो, घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचो. लोक येत, धीर देत, जात. तुम्ही आलात ते दारातूनच म्हणत आलात, "मास्तर, शनवार आमचा का तुमचा, एकदा मिटवून टाका." मी संतापलो. म्हणालो, ही काय वेळ आहे का? तुम्ही बसलात आणि शनिवार तुमचाच कसा हे सांगू लागलात, आणि मी तो आमचा कसा हे सांगू लागलो. बोलता बोलता मी तुमच्यापुढं लहान मुलासारखा रडलो. तुम्ही डावा हात माझ्या पाठीवर ठेवलात. शनिवारचं त्या दिवशी तुम्हाला काही पडलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं. उमगल्यावरही मी आभार मानले नाहीत. तुमच्यापुढं ते शब्द जड झाले असते.

या थंडीत तुम्हाला खोकला धरला. डॉक्टर म्हणाला न्यूमोनिया, आणि नेमका त्याच बाजूला, जिथं बरगड्या मोडल्या होत्या. मी शेवटचा आलो तेव्हा तुम्हाला धाप लागत होती, तरी तुम्ही आखाड्यावर पत्र्याचं छप्पर घालायचं काढलंत. मी म्हणालो, आम्हाला यंदा नवी चटई घ्यायची आहे. तुम्ही म्हणालात, "चटई फाटली तर शिवता येती. पावसात माती वाहून गेली तर ती कुठनं शिवणार?" मी म्हणालो, तुम्ही बरे व्हा, मग भांडू. तुम्ही मान हलवलीत. तेवढंच.

तुम्हाला खांदा द्यायला दोन्ही मंडळांची माणसं होती. दाजीसाहेब छत्री टेकत शेवटपर्यंत चालले.

काल मैदानावरून परतताना पाय तुमच्या घराकडं वळले. दारात एक उंच, रुंद माणूस पागोटं हातात घेऊन उभा होता. आत जायचं धाडस त्याला होत नव्हतं. मी जवळ गेलो आणि ओळखलं. केमचा दत्तू. त्या कुस्तीनंतर त्याचं नाव कुठं ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं होतं पलटणीत वगैरे गेला असेल. कुणा प्रवाशाकडून त्याला तुमची बातमी कळली आणि तो गाडीत बसला.

मी त्याला आत नेलं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तो त्यांच्यापासून लांब, जमिनीवर बसला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, मी त्यास्नी पाडणार नव्हतो. त्यांचा गुडघा लटपटत व्हता, मला समजत व्हतं. म्हनलं बरोबरीत सोडवावी, म्हाताऱ्या मानसाचा मान राहील. मी हात ढिला केला. तर त्यांनी कानात सांगितलं, लोकांनी तिकीट काडलंय, लेका. खरी कुस्ती कर."

भूमय्या, मला वाटत होतं ते गुडघ्यानं झालं. एवढ्या भांडणांत, मी एवढं बोललो तरी, तुम्ही हे मला सांगितलं नाहीत.

वहिनी म्हणाल्या, "मला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. म्हनले, पोरगं लई गुणी हाय, सोडत व्हतं मला."

त्यानं मान वर केली. त्यांनी विचारलं, "अजून लढतोस का?"

"न्हाय. त्या दिसापासनं लंगोट घातला न्हाय. शेती करतो."

"ते इचारायचे. केमचं कुणी भेटलं की इचारायचे, दत्तू कुठं लढला, काय कळलं का. कुणाला काय ठावं नसायचं." त्या उठल्या. शेजाऱ्यांनी आणलेल्या जेवणातलं एक ताट त्यांनी त्याच्यापुढं ठेवलं. "खा. आणि मुक्काम कर. सकाळी आखाड्यात जा."

तो म्हणाला, "बाई, माझ्यानं होईल का?"

"त्यांनी हात घालवला त्यो काय तू शेती करावी म्हणून?" वहिनी म्हणाल्या, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

आज सकाळी शाळेत जायच्या आधी मी मैदानावर गेलो. तालमीतल्या पोरांनी त्याला ओळखलं होतं आणि सगळी कडेला उभी होती. दत्तूनं मैदानाच्या फाटकातच जोडे काढले. आखाड्यापाशी येऊन तो खाली वाकला, कपाळ मातीला लावलं आणि बराच वेळ तसाच राहिला. मग उठून आत उतरला, कडेच्या पोरांतल्या सगळ्यात दांडग्याला त्यानं खुणेनं बोलावलं, आणि मांडीवर जोरानं शड्डू ठोकला.